बीकेसीतला जपानी बांगडा

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून बुलेट ट्रेनच्या स्टेशनचा खड्डा दिसतो. मुंबई-अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या मार्गाचं आपल्याकडचं टोक इथे, बीकेसीत म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जमिनीच्या पोटात होतंय. तंत्रज्ञान जपानचं, कर्जही जपानचं. मला आपलं वाटलं, एवढं सगळं तिकडून येतंय, तर दुपारचं बरं जेवणही आलं असेल.

बीकेसीत 'समोरच आहे' याला काही अर्थ नसतो. समोरच्या इमारतीचं गेट मागच्या रस्त्यावर असतं. तिथे बॅगेची तपासणी, मोबाइलवर ओटीपी, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, आणि एवढं झाल्यावर कळतं की हॉटेल दुसऱ्या लॉबीत. तासाभराच्या सुट्टीतली वीस मिनिटं इथेच संपतात.

त्यात आमची टोळी. एकाचा श्रावण, एकीचा शनिवार, आणि तिसरा हिरेबाजारवाल्या घरातला, म्हणजे कांदा-लसूणही बाद. पहिल्या हॉटेलात तो खूश झाला, कारण मेन्यूत 'जैन सुशी'ला अख्खं पान होतं. ॲव्होकाडो, चीज, वर कुरकुरीत चुरा. मासा नव्हता याचं मला दुःख नाही. मी कोकणातला, माझं भांडण भाताशी. सुशी म्हणजे मुळात मासा नव्हेच, व्हिनेगर-मीठ-साखर लावलेला भात. तो अंगाच्या उबेइतका कोमट हवा. इथला थेट फ्रिजमधून आलेला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे शीत दाताखाली खड्यासारखं वाजलं.

दुसऱ्या ठिकाणी मिसो सूप मागवलं. "व्हेज ना?" मित्राने विचारलं. "हो सर, फक्त सोयाबीन." मी पहिला घोट घेतला आणि थांबलो. जपानी सुपाच्या पाण्यात बहुधा कात्सुओबुशी असते: मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा वाळवून केलेला कीस. ज्याच्या लहानपणी माळ्यावर सुकट टांगलेली होती, त्याला हा वास कोण लपवणार? मित्राने चमचा उचलला आणि माझा हात त्याच्या वाडग्याला लागला. चुकून. मी धांदरट आहे असं तो अजून सगळ्यांना सांगतो.

(वसाबी, म्हणजे सुशीबरोबरच्या झणझणीत हिरव्या चटणीबद्दल, तक्रार नाही. हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाला हिरवा रंग देऊन वसाबी म्हणायची पद्धत खुद्द जपानमध्येही चालते.)

असे तीन आठवडे गेले. शेवटी एका तळघरात सहा खुर्च्यांचं एक ठिकाण सापडलं. मेन्यू एक पानाचा. मित्राने विचारलं, "पनीरमध्ये काय आहे?"

"पनीर नाही."

मला भरून आलं. टोळी उठून सँडविच खायला गेली, मी एकटा बसून राहिलो. सबा शिओयाकी मागवली. कातडी जागोजाग करपलेली, बाजूला किसलेला मुळा, लिंबाची फोड, आणि वाडगाभर वाफाळता भात. शीत न् शीत वेगळं दिसत होतं, तरी एकमेकांना धरून. मी बोलायचाच बंद झालो. बोलायला कोणी नव्हतं ते सोडा.

रात्री आईचा फोन आला.

"काय जेवलंस रे?"

"सबा शिओयाकी."

"म्हणजे काय ता?"

"बांगडो. मीठ लावन भाजलेलो."

"केवढ्याक?"

"नऊशे."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"काटे तरी काढलेले होते?"

"नाय."

मग तिने फोन बाबांकडे दिला.