शंभर सीटला वेगळा रिपोर्टिंग सर्व्हर नको? आधी नोंदी मोजा

कॉल सेंटरची यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला कायम फिरत असतो. आशय असा: १०० सीटपर्यंत (सीट म्हणजे एका एजंटची जागा) वेगळा रिपोर्टिंग सर्व्हर लागत नाही, एका कॉलची एक नोंद पडते, तेवढं ॲस्टरिस्कच्याच (कॉल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच) मशीनवरचा डेटाबेस आरामात पेलतो, रिपोर्ट रखडले तर रॅम वाढवा, रेकॉर्डिंगला एक टीबीची डिस्क पुष्कळ झाली. नवीन इन्स्टॉलेशनवर पहिले काही आठवडे हे खरंही वाटतं, कारण टेबलं तेव्हा रिकामी असतात.

पण कॉलमागे एक नोंद हा हिशोब मुळातच चुकीचा आहे. ॲस्टरिस्क १२ पासून सीडीआर (कॉलची तपशीलवार नोंद) चॅनलच्या, म्हणजे कॉलमधल्या फोन-जोडण्यांच्या, जोडीमागे पडतो. क्यू (कॉलची रांग) रिंगऑलवर, म्हणजे सगळ्यांचे फोन एकदम वाजवण्यावर, असेल आणि कॉल एकाच वेळी १० मोकळ्या एजंटांकडे वाजला, तर उचलणाऱ्याची एक आणि बाकीच्यांची ‘नो आन्सर’ची प्रत्येकी एक, अशा १० नोंदी होतात. कॉन्फिगमध्ये ‘अनआन्सर्ड’ला ‘नो’ केलं म्हणून त्या थांबत नाहीत. क्यू लॉगमध्ये कॉल रांगेत आला, एजंटला जोडला, संपला अशा किमान तीन. सीईएल (चॅनलवरच्या प्रत्येक घटनेची नोंद) चालू असेल तर दोन्ही चॅनलचं सुरू होणं, उचललं जाणं, ब्रिजमध्ये (दोन चॅनल जोडणाऱ्या दुव्यात) शिरणं, बाहेर पडणं, हँगअप आणि शेवट धरून साध्या, ट्रान्सफर न झालेल्या कॉललाही बारा-पंधरा. रिंगऑल नसतानाही कॉलमागे २० नोंदी धराव्यात.

आता १०० एजंट घ्या. बोलणं ३ मिनिटं, रॅप-अप (कॉलनंतरचं काम) १ मिनिट, ऑक्युपन्सी (एजंट कामात असण्याचं प्रमाण) ८० टक्के. एजंटमागे तासाला १२ कॉल, सेंटरचे १,२००. दहा तासांत १२,००० कॉल, म्हणजे २,४०,००० नोंदी. कामाच्या ३०० दिवसांत ७ कोटी २० लाख. इंडेक्ससकट (इंडेक्स म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची) नोंदीला ४०० बाइट धरले तर वर्षाला साधारण २९ जीबी. सीट तेवढ्याच ठेवून बोलण्याची वेळ निम्मी केली की कॉलही वाढतात आणि नोंदीही. त्यामुळे नुसत्या सीट मोजून काही कळत नाही.

सल्ल्याच्या बाजूनं एक मान्य करायला हवं: लिहिण्याचा भार किरकोळ आहे. सेकंदाला सातसुद्धा नोंदी पडत नाहीत, कुठलंही जुनं मशीन ते करेल. फसगत इथेच होते, कारण मशीन दमतं ते वाचताना. ८ सुपरवायझरांचे वॉलबोर्ड (चालू आकडे दाखवणारे फलक) दर ५ सेकंदांनी रिफ्रेश होतात आणि प्रत्येक पानामागे ६ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) आहेत असं धरा: सेकंदाला जवळपास १० क्वेरी, दिवसभर. त्यात कुणीतरी अट लिहिलेली असते ‘डेट(कॉलडेट) = आज’. असं कॉलमवर (इथे कॉलच्या तारीख-वेळेच्या) फंक्शन लावलं की इंडेक्स निकामी होतो आणि प्रत्येक रिफ्रेशला अख्खं टेबल चाळलं जातं. ‘कॉलडेट आज ००:०० किंवा पुढे, आणि उद्या ००:०० च्या आधी’ अशी अट लिहिली की तीच क्वेरी फक्त आजच्या नोंदी वाचते. हार्डवेअर घेण्याआधी एवढं तपासा. हे फुकट आहे.

जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये टेबलं अजून मायआयसॅमची, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या साठवण-पद्धतीची, असतात. तिथे महिन्याचा रिपोर्ट वाचत असताना टेबलाला कुलूप पडतं, आलेला अपडेट थांबतो आणि त्याच्या मागे पुढच्या सगळ्या क्वेरी रांग लावतात. एजंटची स्क्रीन गोठते, आणि शिव्या नेटवर्कवाल्याला बसतात. इनोडीबीत (नव्या साठवण-पद्धतीत) हे कुलूप पडत नाही, पण डिस्क आणि सीपीयू रिपोर्ट खातोच. त्याच मशीनमधून आवाजही जातोय: एका वेळी ६० कॉल, कॉलचे दोन लेग (एक ग्राहकाकडचा, एक एजंटकडचा), प्रत्येक लेगवर जी.७११ या आवाजाच्या कोडेकचे सेकंदाला ५० पॅकेट येतात आणि ५० जातात. एकूण १२,०००. रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू झालं की आवाज तुटतो.

रॅमचं म्हणाल तर इनोडीबीचा बफर पूल (डेटासाठी रॅममध्ये राखलेली जागा) मुळात १२८ एमबीचा असतो. ६४ जीबी रॅम बसवून ती सेटिंग तशीच ठेवली, तर पैसे वाया. वेगळ्या रिपोर्टिंग रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) हिशोब सोपा होतो: बहुतेक रिपोर्ट गेल्या तीन महिन्यांवर, म्हणजे सात-साडेसात जीबीवर फिरतात. १६ जीबी रॅम, १० जीबी बफर पूल आणि २५० जीबी एसएसडी पुरते. तीन वर्षांचा डेटा ठेवूनही टेबल ऑल्टर करताना (रचना बदलताना) लागणाऱ्या दुसऱ्या प्रतीला जागा राहते. वॉलबोर्ड मात्र रेप्लिकावर नको. रेप्लिका मागे पडली की तो शिळे आकडे दाखवतो. त्याला थेट एएमआयमधून (ॲस्टरिस्कच्या चालू घटना देणाऱ्या जोडणीतून) माहिती द्या.

रेकॉर्डिंगच्या एक टीबीची गोष्ट तर पटकन मिटते. १६ बिट, ८ किलोहर्ट्झ मोनो वेव्हला मिनिटाला ०.९६ एमबी लागतात. दिवसाची ३६,००० मिनिटं म्हणजे ३४.६ जीबी, डिस्क २९ दिवसांत भरली. वेव्ह४९ या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये ठेवलं तर दिवसाला साडेतीन जीबी, पण आवाजाचा दर्जा घसरतो. पुढे स्पीच ॲनालिटिक्स (रेकॉर्डिंगमधल्या बोलण्याचं सॉफ्टवेअरनं विश्लेषण) लावायचं असेल तर ते नको. डिस्क कुठलीही घ्या, डेटाबेसची वेगळी ठेवा.

जुना डेटा ‘डिलीट’नं काढलात तर इनोडीबी फाइलची जागा परत देत नाही, म्हणून टेबलाचे महिनावार तुकडे, म्हणजे पार्टिशन, करा आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा. प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमांमध्ये) तारखेचा कॉलम हवा, नाहीतर पार्टिशन होणारच नाही. रेप्लिकावर इतिहास जास्त काळ ठेवायचा असेल, तर मुख्य सर्व्हरवर ड्रॉप करताना त्या सेशनचा बायनरी लॉग (ज्यातून बदल रेप्लिकाकडे जातात) बंद ठेवा. पुढच्या महिन्याचं पार्टिशन आधीच बनवून ठेवा: ते नसेल आणि ‘मॅक्सव्हॅल्यू’वालंही (पुढच्या सगळ्या तारखा सामावणारं) नसेल, तर १ तारखेला मध्यरात्रीपासून इन्सर्ट (नव्या नोंदी) १५२६ क्रमांकाची एरर देऊन नाकारले जातात. कॉल चालू राहतात, नोंदी पडत नाहीत. सीडीआरची सीएसव्ही फाइल सोबत चालू ठेवली असेल तर निदान सीडीआर तरी तिच्यातून परत भरता येतात.