इंजिनरूमचा माणूस

आपली आवडती मालिका दार लावून एकट्यानं बघावी. हे मला पहिल्यापासून कळत होतं, पण काका बोटीवरून कायमचे घरी आले आणि आमच्या कोरगावच्या घरात दार लावून काही करायची सोयच उरली नाही.

मालिका म्हणजे जुनी, मूळची ‘स्टार ट्रेक’, अंतराळयानातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या माणसांची. १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग दाखवून बंद पडली. आमच्या वाट्याला ती ऐंशीच्या दशकात आली, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर. एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवतोय, दुसरा खालून ‘आलं, आलं, गेलं!’ म्हणून ओरडतोय आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांतून एंटरप्राइज यान सरकत गेलं की अंगावर काटा यायचा. आता तेच भाग घासूनपुसून लख्ख करून मिळतात, आणि त्या लख्खपणानंच घात केलाय. मारामारीत कॅप्टन कर्कनं पाठ फिरवली की पुन्हा वळतो तो भलताच कोणीतरी असतो. ग्रह बदलला तरी खडक तेच, मागच्या आकाशाला तेवढा नवा रंग. डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं तर मुळात मीठदाण्या आहेत. एका भागासाठी परग्रहावरच्या वाटतील अशा मीठदाण्या आणल्या, त्या इतक्या तऱ्हेवाईक निघाल्या की त्यांत मीठ असेल असं कोणाला वाटेना, म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या. मुंग्यांनी हे सगळं किती वर्षं झाकून ठेवलं होतं!

यावर मी पोट धरून हसतो. दुसरं कोणी हसलं की मात्र माझं डोकं फिरतं.

काकांची हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. पावसाचे दिवस होते, बाहेर पडायची सोय नव्हती, हुमण-भात हाणून आडवं व्हायचं सोडून ते माझ्या मागे येऊन बसले. पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, “हें कितें रे? कॅप्टन स्वतः उतरला?”

“हो.”

“आणि तो कानवाला?”

“मिस्टर स्पॉक. तो फर्स्ट ऑफिसर.”

“म्हणजे कॅप्टन, चीफ ऑफिसर आणि डॉक्टर, तिघं एकदम किनाऱ्यावर. वॉचवर कोण?”

“स्कॉटी. चीफ इंजिनियर.”

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच त्याला ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीत, बसवला होता. चीफ इंजिनियरला ब्रिजवर बसवणारी कंपनी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. जरा धक्का बसला की सगळे खुर्चीतून कोलमडतात, मग कमरेला पट्टे का नाहीत? पॅनेलमधून ठिणग्या उडतात, फ्यूज बसवायला कोणाला वेळ नाही का? बोटीवर ४३० माणसं आणि कुक एकसुद्धा दिसत नाही, हे जेवतात काय? उतरायला होडकं का नाही? मी सांगितलं की दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून माणूस इथे विरघळवून तिथे उभा करायचं यंत्र काढलं. काका म्हणाले, “असं होय. खिशात पैसा नव्हता, म्हणून विज्ञान पुढे गेलं.”

खरं तर हा माणूस पेडण्याच्या जत्रांतले दशावतार पहाटेपर्यंत बघत आलेला. तिथे एकच बाकडं, राजा बसला की सिंहासन, ऋषी बसला की हिमालय. त्या बाकड्याला कोणी फ्यूज विचारत नाही. मी हे बोलून दाखवलं. त्यावर उत्तर आलं, “बाकड्यावर मी नोकरी केलेली नाही. बोटीवर केलीय.”

यापुढे काय बोलणार? पण नंतर गाडी भलत्याच वळणावर गेली. कप्तानाबरोबर उतरलेला लाल शर्टवाला पहिल्या झटक्यात मेला. पुढच्या भागात दुसरा मेला. काकांनी विचारलं, “हे लालवाले कोण?”

“सिक्युरिटीचे असतात. आणि इंजिनियरिंगचे.”

“म्हणजे आमचेच!”

इतका वेळ खुर्चीत रेललेले काका ताठ झाले. उभ्या आयुष्यात वर ब्रिजवर वारा खाणाऱ्यांनी आणि खाली तेलात माखणाऱ्यांनी एकमेकांना जे ऐकवलं असेल ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्या दिवसापासून ते कर्कचं एक वाक्य ऐकत नाहीत. फक्त स्कॉटीसाठी बसतात. वरून हुकूम येतो, खालून स्कॉटी सांगतो की इंजिनला हे झेपणार नाही, वरचे ऐकत नाहीत, मग तोच ते निभावून नेतो. “हेच. अगदी हेच,” असं म्हणत काका मांडीवर थाप मारतात.

एका दुपारी त्यांनी मला चित्र थांबवायला लावलं. स्कॉटीच्या उजव्या हाताकडे बोट करून म्हणाले, “हा हात लपवतोय. याचं मधलं बोट गेलंय.” खरंच गेलेलं आहे. स्कॉटी झालेला जेम्स डूहान कॅनडाच्या सैन्यात होता, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच दिवशी गोळ्या लागून त्याचं बोट गेलं. चित्रीकरणात तो ते शक्यतो दिसू द्यायचा नाही. मला हे वाचून माहीत होतं. काकांनी नुसतं बघून ओळखलं. कौतुक वाटण्याआधी मला मत्सर वाटला, तो अजून गेलेला नाही.

मध्ये भाच्यानं नवी ‘स्टार ट्रेक’ लावून पाहिली, २०१७ पासूनची. पैसा बक्कळ, पण सगळं यान अंधारात आणि जो तो घशाशी हुंदका घेऊन बोलतोय. काकांनी ‘लाईट गेली काय?’ एवढंच विचारलं. मला बरं वाटलं, हे कबूल.

आता एकच संकट उरलं होतं, तिसरा हंगाम. मालिका बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं धाडली आणि त्यांच्या पदरात १९६८ मध्ये पहिला भाग पडला तो ‘स्पॉक्स ब्रेन’. परग्रहावरच्या बायका स्पॉकचा मेंदूच काढून नेतात. उरलेला स्पॉक रिमोटवर चालवत कर्क त्याला आपल्याबरोबर फिरवतो. शेवटी डॉक्टर मेंदू परत बसवायला घेतो आणि अर्ध्यावर विसरतो, तेव्हा टेबलावरचा स्पॉकच त्याला पुढचं सांगत जातो. हा भाग मी पाहुण्यांना कधी दाखवत नाही. पण मी परसात नारळ सोलायला गेलो आणि मागे मालिका आपोआप पुढे सरकली.

परत आलो तर काका खूश. “एक नंबर! आतापर्यंतचा सगळ्यात भारी!”

मी समजावून सांगितलं की जगभरचे चाहते या भागाचं नाव निघालं की मान खाली घालतात. डॉक्टर ऑपरेशन अर्ध्यावर विसरतो, काका, हे पटतं तुम्हाला? “विसरला तर विसरला,” काका म्हणाले, “ज्याचं मशीन त्यानं सांगितलं ना कसं जोडायचं? आमच्या वेळी सगळ्या दुरुस्त्या अशाच व्हायच्या.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून काकीला हाक मारली. तिनं तो भाग पाहिला नव्हता म्हणे. मला पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला.

काकी पदराला हात पुसत येऊन बसली, सगळं नीट बघितलं, मेंदू गेला, मेंदू आला, आणि म्हणाली, “अख्खी कवटी उघडली तरी भांग मोडला नाही हो त्याचा. तेल कुठलं लावतो?”