हातचं सोडून पळत्याच्या मागे गेलेले अल्बम : २०२४

शबाका हचिंग्जने सॅक्सोफोन खाली ठेवला, ही माझ्या मते यंदाच्या संगीतातली सगळ्यात मोठी गोष्ट. लंडनच्या जॅझमधलं ते आघाडीचं नाव. 'सन्स ऑफ केमेट' या त्याच्या बँडमध्ये दोन ड्रमर आणि एक ट्यूबा यांच्या कल्लोळातून त्याचा सॅक्सोफोन असा फाडत यायचा की खुर्चीत बसवत नसे. २०२३च्या डिसेंबरात थोर अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा गाजलेला अल्बम 'अ लव्ह सुप्रीम' वाजवून त्याने ते वाद्य बाजूला ठेवलं आणि १२ एप्रिलला 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अॅक्नॉलेज इट्स ग्रेस' हा अल्बम आणला. त्यात मुख्यतः बासऱ्या आहेत. क्लॅरिनेट आहे, शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी आहे, दोन हार्प आहेत आणि 'ब्रीदिंग' या गाण्यामध्ये राजना स्वामिनाथनचा मृदंगमही आहे. सॅक्सोफोन जवळजवळ नाहीच.

हेडफोन लावून ऐका. शाकुहाचीत सूर लागण्याआधीची हवा ऐकू येते. फुंक येते, बांबूच्या कडेवर घासते आणि मग कुठे सूर धरतो. कधी तो थरथरतो, आणि ते त्याने झाकलेलं नाही. हे ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालं. कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' जिथे केलं, तोच स्टुडिओ. वादक एकाच खोलीत, हेडफोनशिवाय, मध्ये आडोसे न घालता वाजवत होते, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवाजाला जागा देत हळू वाजवतो. जगात ज्या वाद्याने नाव केलं ते सोडून, जे अजून शिकतोय ते घेऊन लोकांसमोर यायला किती काळीज लागत असेल!

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. मला यंदा जे अल्बम मनापासून आवडले, ते बहुतेक सगळे नेमकं तेच करणाऱ्यांचे आहेत.

आणि मराठी श्रोत्याला हे परकं वाटायचं कारण नाही. याच एप्रिलच्या ८ तारखेला कुमार गंधर्वांच्या जन्माला १०० वर्षं झाली. क्षयातून उठल्यावर देवासला त्यांनी पूर्वीचं गाणं जसंच्या तसं परत उभं करायचा हट्ट धरला नाही. माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, त्यांतून धुनउगम राग काढले, लहान लहान झेपांची नवी गायकी घडवली. तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. आज त्यांच्या नावाने आपण डोळे मिटून माना डोलावतो. मग तेच धाडस कुणी दुसऱ्या देशात, दुसऱ्या वाद्यावर करत असेल तर 'हे आपलं नाही' म्हणून आपण उठून का जातो? माझ्या ओळखीतल्या जाणत्या कानाच्या माणसांनाही असं करताना पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

अशांना मी आधी गानव्या दोराईस्वामीचा 'डॉटर ऑफ अ टेंपल' ऐकवीन. नोव्हेंबरात आलाय. गानव्या तमिळनाडूत वाढली, हरिकथेच्या परंपरेत शिकली. तंजावरच्या हरिकथेला १९व्या शतकात मराठी कीर्तनकारांनी वळण लावलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग तिथल्या कथेकऱ्यांच्या तोंडी रुळले. त्यामुळे हा अल्बम आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. ह्यूस्टनमध्ये तिने तीसहून अधिक कलावंत एकत्र आणले. विजय अय्यर, एस्पेरांझा स्पॉल्डिंग, शबाकाही त्यांत आहेत. जॉन कोल्ट्रेनची पत्नी आणि स्वतः हार्पवादक असलेली अॅलिस कोल्ट्रेन ही या सगळ्यामागची प्रेरणा. 'अ लव्ह सुप्रीम'ची ती चार स्वरांची ओळ इथे भजनी मंडळाने नामाचा गजर करावा तशी सगळे मिळून म्हणतात. कुणी सुरात, कुणी जरा बाजूला. आवाज पॉलिश करून एकसारखे केलेले नाहीत, आणि त्यातच त्याची सगळी ताकद आहे. मध्ये काही ठिकाणी लांबण लागते, हे खरं. तरी हा माझा यंदाचा सगळ्यात लाडका अल्बम.

बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन' वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. 'पोर्टिसहेड' या ब्रिटिश बँडची ही गायिका. साठीच्या उंबरठ्यावर येऊन तिने म्हातारपण, शरीर आणि जवळच्यांचे मृत्यू यांवर गाणी केली. 'टॉक टॉक' या बँडचा ड्रमर ली हॅरिस सोबतीला आहे, पण नेहमीचा ड्रमसेट टाळून डबे, खोकी, स्वयंपाकघरातलं पसरट भांडं असं काहीबाही वाजवलंय. ठेका त्यामुळे बोथट, मातकट लागतो. या गाण्यांना लखलखीत ठेका सोसलाच नसता.

किम गॉर्डन अल्बम आला तेव्हा सत्तर वर्षांची. 'सॉनिक यूथ' या तिच्या जुन्या रॉक बँडच्या पुण्याईवर आरामात बसली असती. त्याऐवजी तिने 'द कलेक्टिव्ह'मध्ये कानठळ्या बसवणारे ट्रॅप बीट, म्हणजे हिप-हॉपमधले जड ठेके, घेतले आणि पहिल्याच गाण्यात प्रवासाच्या बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी सपाट आवाजात म्हटली. सलग ऐकणं सोपं नाही. नीट मोठ्या आवाजात ऐका, नाहीतर राहू द्या.

सिंडी ली या नावाने गाणाऱ्या पॅट्रिक फ्लेगेलने तर बाजारच सोडला. 'डायमंड ज्युबिली'मध्ये ३२ गाणी, दोन तासांचा ऐवज, आणि आला तेव्हा स्पॉटिफायवर काहीच नव्हतं. यूट्यूबवर एकच सलग व्हिडिओ, आणि एका साध्याशा वेबसाइटवरून उतरवून घ्यायची सोय, इतकंच होतं. गाणं पुढे ढकलायची सवय मोडते, तोही फायदाच.

हार्पवादक नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' अनेकांच्या यादीत वर आहे. सुंदर आहे, वादच नाही. पण २०२१च्या 'स्पेस १.८'मध्ये तिने जो प्रदेश शोधला तिथेच ती यंदा सुखाने नांदते आहे, म्हणून मी त्याला या पंगतीत बसवत नाही. गायिका अरूज आफताबच्या 'नाइट रेन'बद्दलही थोडं तसंच वाटलं. मात्र त्यातलं 'ना गुल' चुकवू नका. शब्द हैदराबादच्या माह लका बाई चंदाचे आहेत, अठराव्या शतकात जन्मलेल्या दख्खनच्या कवयित्रीचे.

ऐकायची सुरुवात गानव्यापासून करा, मग शबाका. दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता. किम गॉर्डन सगळ्यात शेवटी, आणि शेजारी घरी नसताना.