पाटणच्या बाजाराने केलं, ते रावेरच्या बाजाराला का जमू नये?

गेल्या आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुतणीने आनंदाने लिहिलं, जळगावच्या विद्यापीठात पीएचडीला नोंदणी झाली, विषय केळीवरचा हरण्या हा विषाणूचा रोग. पहिलं उत्तर चुलतभाऊ आबाभाऊंचं आलं : "पीएचडी करून काय दिवे लावणार?" त्याखाली अंगठ्यांची रांग. वाक्य आबाभाऊंचं नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा विधान परिषदेत ते उच्चारलं गेलं, गदारोळ झाला, गदारोळ विरला आणि वाक्य गावोगावच्या पारावर जाऊन बसलं. पोरीच्या बाबतीत त्याला पुढची ओळही जोडली जाते, ती कुणीतरी जोडलीच : एवढी शिकली तर मुलगा कुठून आणायचा?

मला सगळ्यात जास्त लागले ते अंगठे. देणारे बहुतेक रावेर-यावल पट्ट्यातले केळीवाले, माझेच चुलते, मावसभाऊ. यांची घरं ज्या पिकावर उभी राहिली, ते पीक आजच्या रूपात एका पीएचडीच्या विद्यार्थ्यामुळे उभं आहे, आणि हे मला त्यांना सांगायचंच आहे.

आबाभाऊंच्या वडिलांच्या काळात आमच्याकडे बसराई असायची, श्रीमंती असायची. कंद जुन्या बागेतून काढायचे आणि त्यांच्याबरोबर जुन्या बागेतली सूत्रकृमी, रोगराईही नव्या वावरात यायची. बाग एकसारखी निसवत नसे. आज ग्रँड नैनची टिशूची रोपं येतात, एका वयाची, एका उंचीची, आणि घड एकाच सुमारास कापणीला येतात. ही रोपं लॅबमध्ये बाटलीत वाढतात आणि बाटलीच्या तळाशी जेलीसारखा थर असतो. त्या थराची कृती तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये छापली. मुराशिगे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग यांच्याकडे पीएचडीला होते, आणि काम होतं तंबाखूवर. तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की काचेतल्या पेशी भराभर वाढतात, हे दिसलं, तेव्हा पानात कुठलं तरी नवं संजीवक असावं म्हणून शोध सुरू झाला. वाढ होत होती ती मुख्यतः अर्कातल्या क्षारांमुळे, नत्र-पालाशामुळे. मग त्यांनी एकेका क्षाराचं प्रमाण कमी-जास्त करून पाहिलं आणि बसवलं. तीच कृती आज जगभर एमएस माध्यम म्हणून वापरतात, मी स्वतः ते तयार केलेलं आहे. तंबाखूचे तुकडे काचेत वाढवून काय करणार, असं त्या विद्यार्थ्याला कुणी विचारलं असतं, तर जळगावची केळी हे उत्तर त्याला सुचणं शक्यच नव्हतं.

आबाभाऊंचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. त्याचं म्हणणं, "आत्या, आता हे सगळं एआय करतं." दाखला त्याने २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा दिला. हसाबिस आणि जम्पर यांचं अल्फाफोल्ड, प्रथिनाचा आकार संगणकावर ओळखणारं. दाखला खरा आहे. पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेत १९७१ पासून साठत आलेल्या रचनांवर. लाखाच्या वर रचना, आणि त्यांतल्या कितीतरी कुणा ना कुणा विद्यार्थ्याने स्फटिक जमत नाही म्हणून रडत-कुढत वर्षं घालवून मिळवलेल्या. रचना बरोबर आहे की नाही हे पाहायला आजही जो आलेख काढतात, तो जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासला बसून १९६३ मध्ये मांडला. आमच्या पट्ट्यातल्या हरण्याच्या विषाणूचे नमुने हंगामामागून हंगाम कुणी गोळाच केले नाहीत, तर एआय त्याबद्दल काय सांगणार? मावा या किडीने तो काकडीवरून केळीवर कधी आणला, कोणत्या बांधावरच्या कोणत्या तणात तो उन्हाळाभर दडून राहिला, हे वावरात जाऊनच कळतं. माझी पुतणी तेच करणार आहे.

केळीपुरतंच बोलते आहे असं वाटू नये म्हणून नंदुरबारकडे वळते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. जनुकात काटछाट करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणारा उपचार, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर. धडगावच्या पोराला तो कोण देणार? शिवाय आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय जात आफ्रिकेतल्या जातींहून वेगळी आहे, अंगातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बहुधा जास्त असतं, त्यामुळे आजाराचं रूपही वेगळं दिसतं. म्हणजे तिकडची पुस्तकं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. चांगलं केलं. पण रक्त तपासणं हे एक काम, आणि एकाच घरातल्या दोन भावंडांत एकाला आजार जास्त का छळतो हे शोधणं हे दुसरं. त्या दुसऱ्या कामाला बसणाऱ्या पोरापोरींनाच आपण दिव्यांचा प्रश्न विचारतो.

मी ब्रिस्बेनला राहते. इथल्याच क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ च्या सुमारास एचपीव्हीचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूचं, रिकामं कवच लॅबमध्ये तयार केलं. २००६ मध्ये लस आली, २००७ पासून शाळेत द्यायला लागले. माझ्या मुलीला इयर सेव्हनला टोचली. घरी येऊन हात दुखतो म्हणाली आणि नेटबॉलला गेली. माझी मोठी काकू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली, कशाने गेली हे घरात पुष्कळ वर्षं कुणी मोठ्याने बोललं नाही. आबाभाऊंची ती सख्खी आई.

त्यांच्या बाजूनेही काही खरं आहे, ते मी नाकारत नाही. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आहेत. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आहेत. पण ती पिकवली कुणी? बढतीसाठी कागदांचे गुण मोजणाऱ्या पद्धतीने पिकवली. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढून टाकली. ती असताना किती पोरांनी कर्ज काढून निबंध छापून घेतले असतील. खोट्या बियाण्याच्या पिशव्या विकल्या गेल्या म्हणून आबाभाऊंनी पेरणी कधी थांबवली नाही.

इथे मी रोपांच्या रोगनिदानाच्या लॅबमध्ये आहे. सकाळी टेबलावर टलीहून, इथल्या केळीच्या पट्ट्यातून, आलेलं पाकीट असतं, त्यात टिपकागदात दाबून वाळवलेले केळीच्या खोडातले धागे. निरोगी खोडाचा धागा पांढरट असतो. हे तांबूस-तपकिरी असतात, कधी जवळजवळ काळे. पात्याने त्यांचे बारीक तुकडे करायचे, डीएनए काढायचा, पीसीआर लावायचं. शोधायचं असतं टीआर४, पनामा मर रोगाची ती बुरशी, जी कॅव्हेंडिश गटातल्या केळीलाही मारते. ती १९९७ मध्ये डार्विनजवळ सापडली, मार्च २०१५ मध्ये टलीत. मातीत ती दशकानुदशकं राहते, तिच्यावर फवारणी नाही. टलीतलं ते पहिलं शेत केळीउत्पादकांच्या संघटनेने विकत घेतलं आणि बंद केलं. आता फाटकावर बूट जंतुनाशकात बुडवल्याशिवाय कुणी आत जात नाही, मालकसुद्धा. आमच्याकडे घड कापणारी टोळी त्याच चपला आणि तेच विळे घेऊन एका दिवसात चार बागा फिरते, आणि बिहार-उत्तर प्रदेशात टीआर४ पोचलेली आहे. ग्रँड नैन म्हणजे कॅव्हेंडिशच. माझी झोप उडते ती यामुळे.

जेम्स डेल यांच्या चमूने इथल्या क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठात रानकेळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. नॉर्दर्न टेरिटरीत बाधित मातीत वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती केळी पिकवायला आणि खायला परवानगी मिळाली. लागवड मात्र नाही. वेळ आली तर असावी म्हणून ती राखून ठेवली आहे. जे अजून लागलेलं नाही, त्याच्यावर इतकी वर्षं खर्च करायला इथला केळीवाला तयार असतो, कारण केळीच्या किलोमागे ठरावीक सेंटचं शुल्क तो स्वतः भरतो आणि त्यातल्या संशोधनाच्या वाट्याइतकीच भर सरकार घालतं. आपण भरलेल्या पैशाचं काय झालं, हे तो सभेत उभा राहून विचारतो. संशोधकाला उत्तर द्यावं लागतं. मला ही पद्धत फार आवडते.

आणि मग मला पाटण आठवतं. चाळीसगावजवळचं पाटणे, जिथे आपण श्रावणात पाटणादेवीला जातो, धबधबा बघतो, डबे खातो आणि परत येतो. तिथल्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला, अभ्यासायला मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा हिशेबाचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळावा असा. पाटणच्या बाजारातल्या विक्रीवर राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं, आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेलही लावून दिलं. गणित आणि ग्रहगोलांच्या अभ्यासासाठी! खान्देशातल्या तेल्याने, व्यापाऱ्याने आठशे वर्षांपूर्वी ज्याचा भार उचलला, ते टलीचा शेतकरी आज करतो. हे परदेशी फॅड आहे असं आबाभाऊंनी मला सांगू नये.

तोच धागा धुळ्यातही दिसतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं हुडकत फिरले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या कागदांसाठी लोकांनी तिथे संशोधन मंडळ उभं केलं. आपला माणूस संशोधनाला पैसा देत नव्हता, असं कधीच नव्हतं.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं : केळीच्या क्विंटलमागे एक रुपया. बाजार समितीने वेगळ्या खात्यात ठेवावा, जळगावच्या केळी संशोधन केंद्राने आणि विद्यापीठाने तो कशावर खर्च केला ते दर हंगामाला रावेरला येऊन सांगावं. राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे, ते तिथेच चांगलं चाललं आहे. पण आपल्या मृगात लावलेल्या बागेतला हरण्या पाहायला तिथून कुणी रोज येणार नाही.

रात्री आबाभाऊंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ताई, तुझ्या नावावर वावर आहे का इथे? मग रुपया कुणाचा मागते?"

नाही माझ्या नावावर वावर. वडील गेल्यावर मी आणि बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, राजीखुशीने. पुढे इथलं नागरिकत्व घेतलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकतही घेता येत नाही. माझ्या हातचं काम टलीच्या बागांना लागतं. नमुना निगेटिव्ह आला की मी कधी न पाहिलेल्या माणसासाठी मनापासून खूश होते, आणि ते झाल्यावर रावेरचे लोक आठवतात, ज्यांचा एकही नमुना माझ्या टेबलावर कधी येणार नाही. थंडीत त्यांचे भरीत पार्टीचे फोटो येतात, वावरात काट्याकुट्यांच्या आगीवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, आणि मी ते मोठे करून मागची केळीची पानं बघते, पिवळे पट्टे दिसतात का म्हणून. परत जाणार का, हा प्रश्न मुलीच्या शाळेपाशी येऊन थांबतो. ती खान्देशची नाही आणि तिला व्हायचंही नाही. मग मी बोलायचं कोणत्या हक्काने? त्या पिकावर वाढले, शिकले, जळगावला एमएस्सी केलं, त्या पिकाच्या पैशाने इथे आले. एवढाच हक्क आहे आणि मला तो पुरेसा वाटतो.

आबाभाऊंना मी फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ग्रुपवरचे बाकीचेही वाचतील. रुपयाचं नंतर बघू. पोरीला जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ हवा असते तेव्हा, नमुने लागतील, आणि तुमची बाग काकडीच्या वावराला लागून आहे. नवतीतली, म्हणजे नव्या लागवडीतली, पानं हवीत, पिलांवर धरलेल्या पिलबागेतलीही हवीत, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडलेलं झाड असेल तर ते उपटून बांधावर फेकण्याआधी तिला फोन करा. ती मोटारसायकलवर येईल. तिला आत येऊ द्या, आणि येताना तिने बूट धुतले तर हसू नका.