खुलासा: ती कविता चिनी नववर्षाची नाही

मी मागच्या आठवड्यात इथे एक चिनी कविता टाकली होती, "पाऊस रिमझिमतोय, वाटसरूचं मन मोडलंय" अशी सुरुवात असलेली, आणि खाली लिहिलं होतं की ही ली बायची चिनी नववर्षावरची कविता. दोन्ही चूक. आता ती ग्रुपवर ग्रुपवर फिरतेय म्हणून लिहितोय.

मूळ कवितेची पहिली दोन चिनी अक्षरंच 'छिंगमिंग' आहेत, शीर्षकही तेच. छिंगमिंग हा सण एप्रिलच्या 4 ते 6 च्या आसपास येतो, लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती साफ करतात. नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत, त्याला चिनीत 'वसंतोत्सव' म्हणतात आणि छिंगमिंगही वसंतातला, तिथेच माझा घोळ झाला. पण एकदा हे कळलं की मन का मोडलंय तेही कळतं, सगळे घरच्यांसोबत थडग्यांवर गेलेत आणि हा एकटा पावसात रस्त्यावर, दारूचं दुकान कुठंय विचारतो तर गुराखी पोरगा लांबच्या जर्दाळू फुलांच्या गावाकडे बोट दाखवतो. बस, चार ओळी.

कवी म्हणून नाव लागतं ते चीनच्या थांग राजवटीच्या काळातल्या दू मूचं (803-852). तेही पक्कं नाही, कारण त्याच्या भाच्याने जमवलेल्या संग्रहात ही कविता नाहीये, ती नंतरच्या संकलनांत सापडते.

नववर्षाचीच हवी असेल तर वांग आनशीची 'युआनरी' घ्या, त्यात फटाके आहेत, दारावरच्या नव्या पाट्या आहेत.

माझी जुनी पोस्ट डिलीट केलीये. ज्यांनी फॉरवर्ड केली त्यांनी प्लीज ती पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवलीत तिथे हा खुलासा टाका.