बाई, जरा मागचं पान दाखवा

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला वीसेक वर्षांपूर्वीचा एक प्रयोग हल्ली फार आठवतो. जागा पुरेना म्हणून त्यांची बरीच पुस्तकं कॅम्पसबाहेर, मोराव्हिया पार्कच्या गोदामात गेली. तिथे पुस्तकं विषयवार लावत नाहीत, आकाराप्रमाणे लावतात. मागणी नोंदवली की गाडीतून पुस्तक येणार. कामाचं आहे की नाही, ते आल्यावर कळणार. म्हणून बेत असा, की एका यंत्रमानवाने पुस्तक काढून आणायचं, दुसऱ्या यंत्राने पानं उलटायची आणि वाचकाने घरबसल्या कॉम्प्युटरवर बघायची. त्यातला पुस्तक आणणारा यंत्रमानव त्यांनी २००२च्या सुमारास बनवूनही दाखवला.

पुढे मोठ्या ग्रंथालयांत यंत्रं आली. शिकागो विद्यापीठाच्या मॅन्सुएटो लायब्ररीत (२०११) जमिनीखाली ३५ लाख ग्रंथांची सोय आहे, क्रेन काही मिनिटांत पेटी वर आणते. पण ही झाली हमाली. मला भुरळ पडली होती ती दुसऱ्या यंत्राची. आपण पुस्तक 'चाळतो' म्हणतो ना, ते लांबून करता येणं!

माझंच सांगतो. मी बंगळुरात, आणि मला हवे असलेले एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड गावाकडच्या वाचनालयात. "खंड बाहेर देत नाही, तुम्ही या." दोन पानांसाठी रात्रभर बस? शेवटी ग्रंथपाल बाईंना व्हिडिओ कॉलची गळ घातली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पान. कागदाचा पार पापड झालेला, कोपरा धरला की तुकडाच पडायचा. म्हणून बाई तळहात सपाट ठेवून पान सरकवत होत्या. मध्येच दोन पानं एकदम उलटली. "बाई, जरा मागचं पान दाखवा." हवा तो लेख त्या खंडात नव्हताच. पण त्या निसटलेल्या पानावर एका वाचकाचं असलं तिरसट पत्र निघालं, की माझा लेख आता तिथूनच सुरू होतोय.

"सगळं स्कॅन करून टाका की" म्हणणाऱ्यांना एवढंच: ते होईल तेव्हा होईल, आणि आधी काय स्कॅन करायचं हेही अशा मागण्यांवरूनच कळेल. फोनवरून अशी पानं दाखवायला रोबो नको. आठवड्याला दोन तास, एक फोन, तासाला शंभर रुपये फी. तालुक्याच्या वाचनालयालाही जमेल.

पुढचा खंड मंगळवारी चारनंतर. फीचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "फी राहू दे, फोनचा स्टँड तेवढा पाठवा. हात भरून येतो हो."