विकत घेतलेला गेम सुरू करायला परवानगी कशासाठी?

डिस्क घ्यावी की डिजिटल, हा वाद गेमिंगच्या ग्रुपवर पुन्हा रंगलाय. डिस्कवाले म्हणतात, वस्तू हातात असते, खेळून झालं की विकता येते. डिजिटलवाले म्हणतात, ट्रेन पकडून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोण जाणार, सेलमध्ये तोच गेम निम्म्या किमतीत मिळतो. दोघांचंही मला पटतं. पण गेम घेताना मी आता वेगळाच प्रश्न विचारतो: सुरू होण्याआधी हा गेम कुणाच्या सर्व्हरला विचारतो का? विचारत असेल, तर तो प्लास्टिकच्या बॉक्समध्ये आला काय आणि फायबरच्या वायरीतून आला काय, माझ्या लेखी सारखंच.

हे दुखणं जुनं आहे. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये हाफ-लाइफ 2 आला तेव्हा दुकानातून रीतसर डिस्क आणलेल्यांनाही स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर खातं उघडून इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट करावं लागलं. मुंबईत तेव्हा नेट असलेल्या बहुतेक घरांत ते फोनच्या लाइनवरून चालणारं डायल-अप होतं, आईचा फोन यायचा असेल तर नेट बंद ठेवायचं. पैसे देऊन आणलेला गेम आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायला फोनची लाइन अडवून बसायचं, ही सवय आपल्याला तिथून लागली. पुढे 2008 मध्ये स्पोर आला तो सिक्युरॉम हे कॉपी रोखणारं कुलूप घेऊन. तीन ॲक्टिव्हेशन्स, बस. विंडोज नव्याने टाकलं, मदरबोर्ड बदलला, की त्यातलं एक खर्ची. लोक इतके चिडले की कंपनीला मर्यादा वाढवावी लागली.

पण जीटीए फोरची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण आपल्याकडे हा गेम ठाऊक नाही असा गेमर सापडणं कठीण. पीसीवर तो डिसेंबर 2008 मध्ये आला आणि त्याला मायक्रोसॉफ्टची ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही सेवा जोडलेली होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टने त्या सेवेतून अंग काढून घेतलं. जानेवारी 2020 मध्ये गेम बनवणाऱ्या रॉकस्टारला तो स्टीमवरच्या विक्रीतून काढावा लागला, कारण नव्या गिऱ्हाइकाला द्यायला नव्या की (गेम उघडायचे कोड) तयारच करता येत नव्हत्या. मार्चमध्ये गेम परतला, पण मल्टिप्लेअर कायमचं गेलं. त्याआधी एप्रिल 2018 मध्ये गाण्यांचे दहा वर्षांचे करार संपले, म्हणून अपडेटमधून गेममधल्या रेडिओवरची बरीच गाणी काढून टाकली. तीही ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांच्या कॉपीतून! गेममधलं व्लादिवोस्तोक एफएम हे स्टेशन लावून त्यातल्या शहरात रात्री नुसती गाडी फिरवलेल्यांना विचारा, काय गेलं ते.

ॲक्टिव्हेशनचं काम चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. गेम तुमच्या मशीनच्या भागांवरून एक ओळखक्रमांक बनवतो, तुमच्या कीसोबत तो कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर सही केलेली एक छोटी फाइल परत देतो. पुढे दर वेळी सुरू होताना गेम ती फाइल तपासतो. मशीन बदललं की फाइल बाद, पुन्हा सर्व्हर. म्हणजे सर्व्हर जिवंत असेपर्यंत गेम जिवंत. त्यातही एकदाच विचारणारे गेम बरे म्हणायचे. 2010 मध्ये असॅसिन्स क्रीड 2 पीसीवर आला तेव्हा खेळताना सतत कनेक्शन लागायचं, मधेच नेट गेलं की गेम थांबायचा. जुलैच्या पावसात केबलवाल्याची वायर तुटली की दोन-दोन दिवस नेट नसतं, हे ज्या शहरात सगळ्यांना माहीत आहे तिथे एकट्याने खेळायच्या गेमला ही अट घालायची?

माझ्या कपाटातही असा एक गेम आहे. रेसिंगचा, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, बिल अजून बॉक्समध्ये आहे. दिवाळीत भाचा आला होता, त्याला हाच गेम खेळायचा होता. मी बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह काढला. डिस्कवर ओरखडा नाही, इन्स्टॉल सुरळीत झालं. मग की मागणारी खिडकी आली, की टाकली, आणि सर्व्हरशी संपर्क होत नाही असा संदेश. शोधल्यावर कळलं, ते सर्व्हर कधीच बंद झालेत. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही. भाचा म्हणाला, “मामा, क्रॅक टाकू का? पाच मिनिटांत चालेल.” क्रॅक म्हणजे कुलूप तोडणारी चोरटी फाइल. त्याचं खरं होतं. त्या काळी फुटपाथवरून चोरीची सीडी घेतलेल्या माणसाचा गेम आजही चालतोय, आणि पूर्ण किंमत मोजलेल्या माझा नाही. मला यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

पायरसी खोटी होती असं मी म्हणत नाही. पीसी गेम म्हणजे स्टेशनबाहेर मिळणारी चकती, असं या शहरात वर्षानुवर्षं चाललं. ज्यांनी गेम बनवले त्यांचं नुकसान झालं आणि कुलूप लावावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण पहिल्या काही महिन्यांची विक्री वाचवायला लावलेलं कुलूप पंधरा वर्षांनी कशासाठी? डूमच्या 2016 च्या गेममधून डेनुवो हे संरक्षण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढून टाकलं होतं. काम झालं, कुलूप काढलं. हे सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

डिस्क म्हणजे सुरक्षितता, असं मानणाऱ्या मित्रांनाही थोडं सांगायचंय. सेफडिस्क नावाच्या संरक्षणाचे जुने गेम 2015 पासून विंडोज 10 वर चालेनासे झाले, कारण त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने बंद केला. डिस्क असली, ड्राइव्ह असला, तरी गेम नाही. कन्सोलचंही तेच होत चाललंय. सोनीच्या पीएस5 (प्लेस्टेशन 5) च्या नव्या मॉडेलला वेगळा जोडायचा डिस्क ड्राइव्ह मिळतो. तो पहिल्यांदा जोडतानाच इंटरनेट लागतं. पीएस5 प्रोमध्ये तर ड्राइव्ह नाहीच, वेगळा घ्यायचा. निन्टेंडोच्या स्विच 2 साठी काही गेम अशा कार्डांवर येतात ज्यांत गेमच नसतो, डाउनलोडची परवानगी असते.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक घेतलं तर ते उघडायला प्रकाशक अजून धंद्यात आहे का हे पाहावं लागत नाही. खात्याला बांधलेल्या गेमला असं सेकंडहँड आयुष्यच नाही. आणि किमती तर बघा. 2020 मध्ये पीएस5 सोबत सोनीचे मोठे गेम 4,999 रुपयांना आले. नोकरीला नुकता लागलेला मुलगा एवढे पैसे घालतो ते खेळून झाल्यावर विकता येईल या हिशोबावर. डिजिटलमध्ये तो हिशोबच उरत नाही.

आता द क्रू. युबिसॉफ्टचा हा रेसिंग गेम 2014 चा. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा सगळ्यांसाठी संपला. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि जुलै 2025 मध्ये युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

कंपन्या म्हणतात हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. सिमसिटीबद्दल 2013 मध्ये हेच सांगितलं होतं, वर्षभरात ऑफलाइन मोड आला. नॉकआउट सिटीचे सर्व्हर 2023 मध्ये बंद करताना बनवणाऱ्यांनी लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. आणि खुद्द युबिसॉफ्टने आरडाओरडा झाल्यावर द क्रू 2 ला ऑफलाइन मोड देण्याचं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं. सुरुवातीपासून ठरवलं तर खर्चही कमी येतो.

आपला कायदा याबाबत मुका नाही. सॉफ्टवेअर हा माल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात म्हटलं. मार्च 2021 मध्ये, करांच्याच एका वादात, परवान्याखाली ग्राहकाला दिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे मालाची विक्री धरली. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप करू देतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट तिच्यात बसते. ‘आम्ही कधीही, कुठल्याही कारणाने सेवा बंद करू’ हे वाक्य मग कुठे बसतं? माझ्या मते तिथेच. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल दुकानांना, तुम्हाला फक्त परवाना मिळतोय, हे पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे निदान तेवढं तरी व्हायला हवं. बॉक्सवर आणि दुकानाच्या पानावर लिहा: ॲक्टिव्हेशन लागतं का, किती वेळा, आणि सर्व्हर किमान कुठल्या वर्षापर्यंत चालतील.

तोवर मी काय करतो ते सांगतो. जो गेम गॉग या कुलूप न लावता गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात मिळतो तो तिथूनच घेतो, इन्स्टॉलर उतरवून दोन हार्ड डिस्कवर ठेवतो. तो कुणाला विचारत नाही. स्टीमवरचेही बरेच गेम स्टीम बंद असताना नुसत्या फोल्डरमधून चालतात, विकत घेण्याआधी तेवढं शोधून घ्या. एकट्याने खेळायचा गेम सतत नेट मागत असेल तर कितीही आवडला तरी घेत नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीने या शहरात 1975 पासून तेल-साबणापासून फ्लॅटपर्यंतच्या गिऱ्हाइकांसाठी लढे दिलेत. त्यांच्याकडे हा विषय घेऊन जायची माझी तयारी सुरू आहे. त्यासाठी एकट्याचं बिल पुरणार नाही. तुमच्याकडे असा गेम असेल, पैसे भरून घेतलेला आणि आता सर्व्हर नाही म्हणून सुरू न होणारा, तर कमेंटमध्ये गेमचं नाव, घेतल्याचं वर्ष आणि पडद्यावर नेमका काय संदेश येतो ते लिहा. बिल किंवा पावतीचा मेल सापडला तर जपून ठेवा, फोटो इन्बॉक्समध्ये पाठवा.